जर्मनची होडी

आमच्याकडं अॅल्युमिनियमला अजूनही जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. मी सातारला एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं हेच जर्मन ठोकलं. गाडीची बॉडी म्हणजे सांगाड्यावर चढवलेले पत्रे, आणि ते पत्रे धरून ठेवणारे रिव्हेट. प्रवासी कधी त्यांच्याकडं बघत नाही, पण रांग सूतभर वाकडी झाली तरी आम्हाला दुपारचा डबा गोड लागायचा नाही. नोकरी सातारला आणि घर आष्ट्याच्या पुढं, कृष्णेच्या काठावर. शनिवारी संध्याकाळी गाडी धरायची, रविवार घरी काढायचा, सोमवारी उजाडता उजाडता परत निघायचं. पोरगी लहानाची मोठी झाली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली, ते सगळं मी रविवारी रविवारी पाहिलं. बाकीचे सहा दिवस बायकोचे.

नोकरीच्या शेवटी शेवटी लोखंडी बॉडीच्या गाड्या आल्या. त्या वेल्डिंगनं जोडतात. माझी हातोडी पेटीत गेली आणि तिच्या मागोमाग मीही घरी आलो.

वाटणीत माझ्याकडं आलेली वीस गुंठे मळी नदीच्या पलीकडच्या काठाला आहे. गाळाची जमीन, काहीही टाका, उगवतं. आमच्या घाटावर उभं राहिलं की समोर दिसते, पण जायचं म्हटलं तर पुलावरून अकरा-बारा किलोमीटरचा फेरा. पूर्वी लाकडी नाव चालायची. पूल झाला तशी ती बंद पडली आणि नावाडीही गेला. इतकी वर्षं मळी दुसऱ्यानं वाट्यानं केली. आता आपणच करायची असं मी ठरवलं. आठ दिवस मोटरसायकलवरून वैरणीचे भारे आणले. नवव्या दिवशी वळणावर भारा सुटला, मी खाली आणि भारा माझ्यावर. गुडघा फुटला. बायकोनं हळद लावली आणि एवढंच म्हणाली, "आता ह्या वयात सर्कस नगं."

त्याच आठवड्यात माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका ड्रायव्हरनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. लोणंदला एका भंगाराच्या वखारीत अॅल्युमिनियमची होडी पडली होती. मालक ती तोडून विकणार म्हणत होता. "तुला पत्र्याचं वेड हाय म्हनून पाठवलं," असं त्यानं खाली लिहिलं होतं. व्हिडिओ मी पाच-सहा वेळा बघितला. होडीपेक्षा मी तिच्या कडेची रिव्हेटची रांग बघत होतो. कुणीतरी मन लावून मारलेली होती.

बायकोला सांगितलं, एका लग्नाला जाऊन येतो.

लोणंदला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वखारीचा मालक मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पांढरी दाढी, गुडघे धरून चालायचा. त्यानं मला मागच्या बाजूला नेलं. होडी होती, पण तिच्यात काठोकाठ कांदा भरला होता.

"चाचा, हे काय?"

"घरचा कांदा हाय. इथं लय ब्येस टिकतो. पाऊस आला तरी पानी खाली निघून जातं."

"म्हंजे भोकं हायत."

"भोकं हायत म्हनून तर कांदा टिकतो!" म्हातारा मनापासून हसला. मग म्हणाला, "एका हाटेलवाल्यानं तळ्यात फिरवायला आनली हुती. हाटेल बसलं, माल माझ्याकडं आला. आता सांगा, भंगार म्हनून देऊ का होडी म्हनून देऊ?"

"फरक काय?"

"भंगार म्हनून घेतली तर वजन करतो. होडी म्हनून घेतली तर तुमीच भाव करा."

मी पहिल्यांदा खाली बसून पाहिली. लांबी चौदा फूट, तळ जवळजवळ सपाट, नाक थोडं वर उचललेलं. तळाला दोन ठिकाणी दगडानं पडलेले पोचे. मागची फळी कुजून भुसा झालेली. कुणीतरी लोखंडी बोल्ट मारले होते आणि त्यांच्याभोवती पत्रा पांढरी भुकटी होऊन झडला होता. जर्मनला ओल्यात लोखंड लागलं की ते सडतं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. पण बाकी पत्रा जाड होता. बोटानं टिचकी मारली तर पलीकडच्या टोकापर्यंत आवाज गेला.

"भंगार म्हनूनच द्या," मी म्हणालो. "होडी मी करतो."

म्हाताऱ्यानं माझे हात बघितले, पालथे करून बघितले. "पत्र्याचं काम केलंय व्हय तुमी?" एसटीत होतो म्हटल्यावर त्यानं वजनकाट्याचा विषयच काढला नाही. एका चांगल्या दुभत्या शेळीच्या किमतीत होडी दिली. कांदे उपसायला त्याच्या घरातल्या बायका आल्या. आमची होडी रिकामी होतेय आणि त्यांचा कांदा उघड्यावर पडतोय, याचं मला वाईट वाटलं. चाचीनं तर तोंडावर सांगितलं की पावसाच्या आत याला दुसरी जागा शोधायची म्हणजे डोक्याला ताप. तरी जाताना तिनंच एक पिशवीभर कांदा माझ्या हातात दिला.

टेम्पोत होडी पालथी बसली. नाक केबिनच्या वर, शेपूट मागं बाहेर. सातारा गेलं, कराड गेलं, जिथं चहाला थांबू तिथं माणसं गोळा व्हायची. "कुठं पूर आलाय का?" असं एकानं काळजीनं विचारलं. टेम्पोवाला पहिल्या दोन ठिकाणी खरं सांगत होता, नंतर व्हय म्हणायला लागला.

दारात टेम्पो थांबला तेव्हा बायको अंगण झाडत होती. तिनं होडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"लग्नात ह्ये दिलं व्हय आहेर म्हनून?"

मी कांद्याची पिशवी पुढं केली. ती तिनं घेतली.

"कितीला?"

मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "तेवढ्यात शेळी आली आसती. शेळीनं दूध तरी दिलं आसतं. ह्या जर्मनच्या पातेल्यात काय शिजवायचं? आनि नदीत मगरी हायत, ठावं हाय न्हवं?"

मगरी आहेत हे कृष्णाकाठच्या माणसाला नव्यानं सांगावं लागत नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

होडी गोठ्यापुढं चिरे मांडून त्यावर ठेवली. आधी आतलं डांबर खरवडलं, कुणी कुणी भोकांत भरलेलं लुकण काढलं, कांद्याची सालं तर फटीफटीतून आठवडाभर निघत राहिली. लोखंडी बोल्ट कापून काढले. मग होडीत पाण्याचा पाइप सोडला. आत पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं, जिथं जिथं थेंब धरेल तिथं खूण करायची. खडू ओल्यावर उठेना. मी खडूशी झटत होतो, ते बघून बायको घरात गेली आणि लेकीची राहिलेली नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. होडीखाली वाकली, पदरानं ओल पुसली आणि गळक्या रिव्हेटभोवती लाल गोल काढायला लागली. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मला साठ सापडले असते, तिनं एकशे तीन काढले. संध्याकाळी पाणी सोडून दिलं तेव्हा होडी गोवर आल्यासारखी दिसत होती.

रिव्हेट मिळवायला सांगलीला गेलो. हल्ली सगळीकडं बंदुकीनं मारायचे पोकळ रिव्हेट मिळतात. त्यांच्या मधून पाणी येतं, होडीला ते चालत नाहीत. मला भरीव हवे होते. चार दुकानांत माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. पाचव्या दुकानात जैन शेटजी होते. त्यांनी माळ्यावरून धूळ खाल्लेलं पोतं काढायला लावलं. आत माझ्या ओळखीचे रिव्हेट. मूठ भरून घेतले तर थंडगार लागले.

"कशाला पाहिजेत?" शेटजींनी विचारलं.

"होडीला."

त्यांचा हात थांबला. "मासे धरायला आसंल तर सांगा. मग मी न्हाई देनार."

"वैरन आनायची हाय पलीकडनं. भाजी."

"बघा हं," ते म्हणाले, आणि वजनात बसलेल्यांवर त्यांनी आणखी एक ओंजळ टाकली. मी मासे खातो, बायको ते झकास करते, पण त्या होडीतून आजवर गळ टाकलेला नाही. टाकावासा वाटला की ती ओंजळ आठवते.

आता खरी अडचण आली. भरीव रिव्हेट एकट्यानं बसत नाही. एकानं आतून त्याच्या डोक्यावर पोलादी ठोकळा दाबून धरायचा, त्याला आम्ही डॉली म्हणतो, आणि दुसऱ्यानं बाहेरून शेपूट ठोकून चपटं करायचं. वर्कशॉपात माझा हेल्पर असायचा. इथं पालथ्या होडीखाली, चैत्राच्या उन्हात, कोण बसणार? शेजारच्या दोघांना विचारलं. एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याची मी विचारल्यावर धरली.

"किती येळ लागंल?" बायकोनं विचारलं.

"दिसाला दोन तास. आठ-धा दिस."

"सकाळचं सांगा. दुपारी मला वैरन काढायची आसती."

तिनं कानात कापूस घातला, वरून टॉवेल बांधला, पाट घेतला आणि होडीखाली जाऊन बसली. मी तिला खुणा शिकवल्या. आत आवाज पोचत नाही, म्हणून पत्र्यावर पान्ह्यानं वाजवायचं. एकदा वाजवलं म्हणजे डॉली बसली, ठोका. दोनदा म्हणजे रिव्हेट चांगला बसला, पुढचा. तीनदा म्हणजे बिघडला, काढा. डोकं पत्र्याला नीट चिकटलंय की फट राहिलीय, हे फक्त आतल्याला दिसतं. बाहेरच्यानं आतल्याचं ऐकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

पहिल्या दिवशी सात झाले. दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की मी घाई करतो. "तुमी ठोकायच्या आधी श्वास घ्या की जरा. माझा हात जाग्यावर येऊ द्या." मी श्वास घ्यायला लागलो आणि रांग सरळ यायला लागली. एकतीस वर्षांत माझ्या कुठल्या हेल्परनं मला असं सुनावलं नव्हतं.

मधे थांबलो की ती आतूनच बोलायची. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा तिचा आवाज यायचा.

"सातारला ह्ये कोन धरायचं?"

"हेल्पर."

"आनि तुमचं जेवान?"

"मीच करायचो."

"मेस लावली हुती न्हवं?"

मी हातोडी खाली ठेवली. "पहिलं वरीसभर. मग सोडली."

"मग काय खायचात?"

"खिचडी."

"रोज?"

"रोज न्हाई. कवातरी पिठलं."

पोरीच्या शाळेची फी, पुढं हॉस्टेल, यासाठी मी मेस सोडली होती आणि तिला कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता ती बाहेर येऊन भांडणार. पण ती तिथूनच म्हणाली, "मला एक सांगायचं ऱ्हायलंय. मी येष्टीत चढताना पत्र्यावरनं हात फिरवायची. म्हायेरला जाताना, आष्ट्याच्या बाजाराला जाताना. म्हनायची, ह्यातला एखांदा तुमी मारलेला आसंल."

"असंल की. सातारच्या गाड्या हिकडं यायच्या."

"म्हनून तर."

तिनं पुढचा रिव्हेट आतून सरकवला. एक ठोका आला. मी श्वास घेतला आणि मारला. दोन ठोके आले.

शेवटच्या दिवशी नाकाजवळचे चार राहिले होते. तिथं पत्र्यावर पत्रा येतो, हात नीट पोचत नाही. ऊन चढलं होतं, मला कधी एकदा होडी सुलटी करतो असं झालं होतं. तिसऱ्या रिव्हेटला आतून तीन ठोके आले.

"बसलाय गं," मी ओरडलो.

पुन्हा तीन.

मी चौथ्या भोकाकडं सरकलो. आतून एक ठोका आला आणि मी तो मारून काम संपवलं. ती बाहेर आली, टॉवेल सोडला, कानातला कापूस काढला, घाम पुसला आणि स्वयंपाकाला गेली.

मागची फळी बाभळीची घातली, सुताराकडून दोन वल्ही करून घेतली. लेकीनं पुण्याहून भगवी लाइफ जॅकेटं पाठवली आणि ती घातल्याचं व्हिडिओवर दाखवल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, अशी शपथ घातली. दाखवलं. आम्ही दोघं गॅस सिलिंडरसारखे दिसत होतो.

घाटावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. बायकोनं नारळ फोडला, होडीला हळदकुंकू वाहिलं. पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. होडी पाण्यात सरकल्याचा आवाज झाला तशी ती सावकाश पाण्यात गेली. "तू बी बघायला आलीस व्हय," असं बायको तिला म्हणाली आणि होडीत बसली. मी येऊ नको म्हणत होतो, पण तिनं ऐकलं नाही.

होडी तरंगली. माझ्या हातानं, म्हणजे आमच्या हातानं, मारलेले रिव्हेट पाण्याखाली गेले आणि तळ कोरडा राहिला. मी वल्ही मारली. लहानपणी नावाड्याचं बघून शिकलेलं होतं, थोडं वाकडंतिकडं पण जमत होतं. मधे धारेत आलो आणि पुढून बारीक धार आत यायला लागली. आधी बायकोचा पदर भिजला, मग माझ्या चपला.

ती बरोबर आणलेल्या तांब्यानं पाणी उपसायला लागली. मी होडी वळवली. काठावरचे लोक हात हलवत होते. त्यांना वाटत होतं आम्ही मिरवून परत येतोय. काठाला लागेपर्यंत पाणी घोट्याच्या वर आलं होतं. बुडण्यासारखं काही नव्हतं, जॅकेटंही होती.

माणसं पांगल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "उजव्या अंगाचा, वरनं तिसरा."

"व्हय."

"मी तीनदा वाजवलं हुतं. दोन बार."

"ऐकलं हुतं."

मला ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. पण कापूस तिच्या कानात होता, माझ्या नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली होती, पण मला वाटलं होतं त्यासाठी नव्हे.

"आज मी संगं नसते आले, तुमी एकलंच आला असता तर? पानी कुनी उपसलं आसतं?"

मी फक्त म्हणालो, "चुकलं."

दुसऱ्या दिवशी होडी परत चिऱ्यांवर पालथी घातली. मी हातोडी उचलली तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. "आज तुमी आत."

मी पाट घेऊन खाली गेलो. एवढी वर्षं हा धंदा केला, पण डॉली धरायला बसलो होतो ते उमेदवारीच्या दिवसांत, आणि तेही विसरलो होतो. आत भट्टीसारखं तापलं होतं. काढलेल्या रिव्हेटच्या भोकातून उजेडाची एक काडी माझ्या गुडघ्यावर पडली होती. तिचा पहिला घाव बसला आणि माझ्या दातांपर्यंत गेला. आठ दिवस ती इथं बसली होती आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा मला पाणी द्यायची.

तिचा पहिला रिव्हेट वाकडा गेला. मी भीतभीत तीनदा वाजवलं. वरचा आवाज लगेच थांबला. "काढते," ती म्हणाली. छिन्नी लावून तिनं तो उडवला आणि मी आतून दुसरा घातला. दुसऱ्याला मी दोनदा वाजवलं. शेजारचे दोनही मला सैल वाटले, ते तिनं न कुरकुरता बदलले. बाहेर आल्यावर मी तिची रांग पाहिली. माझ्याइतकी सरळ नव्हती. पण त्यानंतर तिथून थेंब आलेला नाही.

आता दोन वर्षं होत आली. मळीत आम्ही वैरण करतो, कडेनं मेथी, कोथिंबीर, थंडीत वांगी. पावसाळ्यात नदी फुगायला लागली की होडी चार माणसं लावून घरापर्यंत वर ओढून घेतो. गल्लीतल्या दोघीतिघींची रानंही पलीकडं आहेत, त्या सकाळी आमच्याबरोबर येतात. वल्हवायला बायको पहिल्या महिन्यातच शिकली. सुरुवातीला होडी जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि बायका आरडाओरडा करायच्या. आता तिचं तिला वळण सापडलंय. मी वल्ही मागितली की म्हणते, "बसा गप. तुमाला धारेचा अंदाज न्हाई."

गेल्या थंडीत मला ताप आला होता. चार दिवस अंथरुणावर. ती आणि शेजारीण दोघीच पलीकडं गेल्या. ऊन वर आलं तसा माझा जीव लागेना, घोंगडी पांघरून घाटावर जाऊन उभा राहिलो. होडी मधल्या धारेत होती, हिरव्यागार भाऱ्यांनी भरलेली, आणि भाऱ्यांच्या मधे तिचं डोकं तेवढं दिसत होतं. शेजारीण कसली तरी गोष्ट सांगत होती आणि ती मान मागं टाकून हसत होती. वल्ही मात्र बरोबर पडत होती, एकासारखी एक.

जवळ आल्यावर तिनं मला पाहिलं. हसू आवरलं आणि दोर फेकला. तो पाण्यात पडला. तिनं ओढून घेतला, पुन्हा फेकला, तो माझ्या छातीवर आला.

"धरा नीट," ती म्हणाली. "आनि तापात हितं मरायला कशाला आलाय?"

मी दोर दगडी खुंट्याला गुंडाळला. मग ती एकेक भारा उचलून देत गेली आणि मी घेत गेलो.